चुकलेला छेद: फेसबुकच्या व्हिडिओ आकड्यांचं प्रकरण, नवशिक्याच्या नजरेतून

२२ सप्टेंबर २०१६ रोजी 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने बातमी छापली, की फेसबुक जवळपास दोन वर्षं जाहिरातदारांना एक आकडा फुगवून दाखवत होतं. लोक एखादा व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहतात, हा तो आकडा. जाहिरात व्यवसायातला बडा समूह 'पब्लिसिस' याने आपल्या ग्राहकांना एक पत्र पाठवलं होतं. फुगवटा ६० ते ८० टक्के असावा, असं फेसबुकनेच आपल्याला सांगितल्याचं त्या पत्रात होतं. दुसऱ्या दिवशी फेसबुकचे उपाध्यक्ष डेव्हिड फिशर यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. चूक सुमारे महिन्याभरापूर्वी सापडली, ती दुरुस्त केली आहे आणि कोणाच्या बिलावर तिचा परिणाम झालेला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

हे प्रकरण बहुतेक वेळा 'बड्या कंपनीने फसवलं' या अंगाने सांगितलं जातं. त्यात तथ्य किती, ते पुढे येईलच. पण सोशल मीडिया मार्केटिंग नव्याने शिकणाऱ्याने ते पहिल्याच महिन्यात वाचावं असं मला वाटतं, आणि त्याचं कारण वेगळं आहे. इथे गुंतागुंतीचं तंत्रज्ञान बिघडलं नव्हतं. कुणी हॅकिंग केलं नव्हतं. चुकला होता तो एक भागाकार, शाळेत शिकवतात तसला. आणि कोट्यवधी डॉलरच्या जाहिराती सांभाळणाऱ्या मुरलेल्या मंडळींनी तो दोन वर्षं मान डोलावत वाचला.

तीन सेकंदांचा 'व्ह्यू'

पार्श्वभूमी थोडक्यात. २०१३ च्या अखेरीपासून फेसबुकच्या फीडमध्ये व्हिडिओ आपोआप सुरू होऊ लागले, तेही मुक्याने. बोट वर सरकवताना व्हिडिओ स्क्रीनवर आला की चालू, निघून गेला की बंद. पाहणाऱ्याने काही दाबायची गरज नाही. अशा ठिकाणी 'पाहिलं' कशाला म्हणायचं? फेसबुकने रेषा आखली तीन सेकंदांवर. तीन सेकंद चालला तर एक व्ह्यू.

ही रेषा गुप्त नव्हती, मदतीच्या पानांवर लिहिलेली होती. तिच्या आधारावर जे आकडे जाहीर झाले ते मात्र डोळे दिपवणारे होते. जानेवारी २०१५ मध्ये दिवसाला ३ अब्ज व्ह्यूज, एप्रिलमध्ये ४ अब्ज, नोव्हेंबरमध्ये ८ अब्ज. एप्रिल २०१६ मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी व्हिडिओचं नवं सुवर्णयुग सुरू होत असल्याचं म्हटलं. त्याच जूनमध्ये कंपनीच्या युरोप विभागाच्या प्रमुख निकोला मेंडेलसन यांनी पाच वर्षांत फेसबुक बहुधा सगळं व्हिडिओमयच झालेलं असेल, असं भाकीत केलं. 'फेसबुक लाइव्ह' ही थेट प्रक्षेपणाची सोय वापरावी म्हणून कंपनीने माध्यमसंस्थांना आणि नामवंतांना पैसेही देऊ केले. जवळपास १४० करार, एकूण रक्कम ५ कोटी डॉलरहून जास्त, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं.

व्ह्यूज खूप आहेत हे कळलं, की जाहिरातदाराचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ठीक आहे, पण थांबतात किती वेळ? या प्रश्नाचं उत्तर रिपोर्टमधल्या 'सरासरी पाहण्याचा वेळ' या रकान्यात मिळायचं. गडबड नेमकी त्या रकान्यात होती.

भागाकार करून पाहू

फेसबुकने स्वतः दिलेलं स्पष्टीकरण असं: व्हिडिओ पाहण्यात गेलेला एकूण वेळ भागिले व्हिडिओ ज्यांच्यासमोर सुरू झाला असे सगळे लोक, असा हिशेब हवा होता. प्रत्यक्षात एकूण वेळेला फक्त 'व्ह्यूज'नी भागलं जात होतं, म्हणजे तीन सेकंद किंवा त्याहून जास्त टिकलेल्यांच्या संख्येने.

हे वाक्य वाचून पुढे जाऊ नका. कागद घ्या. पुढचे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण रीत खरी आहे.

समजा, एक व्हिडिओ १,००० लोकांसमोर सुरू झाला. ८०० जण सरासरी एका सेकंदात पुढे सरकले. उरलेले २०० सरासरी २० सेकंद थांबले. एकूण वेळ किती? ८०० आणि ४,००० मिळून ४,८०० सेकंद. खरी सरासरी ४,८०० भागिले १,०००, म्हणजे ४.८ सेकंद. चुकीच्या रीतीने ४,८०० भागिले २००, म्हणजे २४ सेकंद.

२४ हा आकडा जरा निरखून पाहा. तो सगळ्या लोकांची सरासरी नाही, हे उघड आहे. पण तो थांबलेल्या लोकांचीही सरासरी नाही. ते २०० जण तर २० सेकंद थांबले होते. मग वरचे चार सेकंद आले कुठून? जे थांबलेच नाहीत त्यांचे एकेक सेकंद अंशात मोजले गेले आणि ती माणसं मात्र छेदातून गायब झाली. म्हणजे २४ सेकंद पाहणारा असा कुठलाही गट त्या हजार लोकांत नव्हता. रिपोर्टमध्ये दोन दशांश स्थळांपर्यंत छापून येणारा आकडा कशाचंच मोजमाप नसू शकतो, हे एकदा स्वतःच्या हाताने मांडून पाहिलं की पक्कं डोक्यात बसतं.

इथे हुशार विद्यार्थी एक शंका काढतो, आणि ती चांगली शंका आहे. चूक सगळ्यांनाच लागू होती ना? मग सगळेच आकडे फुगले असतील. निदान माझ्या दोन व्हिडिओंची आपापसात तुलना तरी बरोबर राहिली असेल?

नाही राहिली. या प्रकरणाचा खरा गाभा इथे आहे, आणि बातम्यांमध्ये तो फारसा आला नाही.

दोन व्हिडिओ घ्या. दोन्ही हजार-हजार लोकांसमोर सुरू झाले. पहिल्याची सुरुवात पकड घेणारी आहे: ५०० जण तीन सेकंदांच्या पुढे गेले आणि सरासरी १५ सेकंद थांबले, बाकीचे ५०० एका सेकंदात निघून गेले. एकूण ८,००० सेकंद. दुसऱ्याची सुरुवात रटाळ आहे: ९०० जण एका सेकंदात गेले, पण जे १०० राहिले ते सरासरी ४० सेकंद राहिले. एकूण ४,९०० सेकंद.

खरी सरासरी काढली तर पहिला ८ सेकंद, दुसरा ४.९ सेकंद. पहिला सरस. चुकीच्या छेदाने काढली तर पहिला ८,००० भागिले ५०० म्हणजे १६ सेकंद आणि दुसरा ४,९०० भागिले १०० म्हणजे ४९ सेकंद. दुसरा पहिल्याच्या तिप्पट चांगला!

क्रमच उलटा झाला. फुगवटा सगळ्यांना सारखा नव्हता. व्हिडिओ जितक्या जास्त लोकांना पहिल्या तीन सेकंदांत पळवून लावत होता, तितका त्याचा आकडा जास्त फुगत होता. वाईट सुरुवातीला बक्षीस मिळत होतं. त्या दोन वर्षांत कुणी रिपोर्ट पाहून प्रामाणिकपणे शिकायचा प्रयत्न केला असेल, तर तो उलटंच शिकला असणार: सुरुवात निवांत ठेवा, लोगो आधी दाखवा, घाई नको, लोक थांबतात की! मेहनती माणसाचं नुकसान आळशी माणसापेक्षा जास्त झालं असेल, कारण आळशाने रिपोर्ट उघडलाच नसेल.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. दुसरा व्हिडिओ निरुपयोगी असेलच असं नाही. एखादी महागडी, मोजक्याच लोकांच्या कामाची सेवा विकायची असेल, तर एका सेकंदात निघून जाणाऱ्या ९०० जणांचं दुःख कशाला? राहिलेले १०० कदाचित नेमके हवे तेच असतील. पण हा निष्कर्ष काढायला 'किती टक्के थांबले' आणि 'थांबलेले किती वेळ थांबले' हे दोन आकडे वेगवेगळे लागतात. दोन्ही एका भागाकारात कोंबले की यातलं काहीच हाती लागत नाही.

संशय यायला जागा होती का?

होती, असं माझं मत आहे. चुकीच्या रीतीचा एक गणिती परिणाम असा, की तीन सेकंदांहून लांब व्हिडिओची सरासरी तीन सेकंदांच्या खाली कधी जाऊच शकत नाही. छेदातल्या प्रत्येक माणसाने किमान तीन सेकंद दिलेलेच असतात. आता विचार करा: मुक्याने चालणारे, आपोआप सुरू होणारे, अंगठ्याने क्षणात ढकलले जाणारे व्हिडिओ. त्यांच्या शेकडो रिपोर्टांमध्ये एकदाही दोन सेकंदांची, दीड सेकंदाची सरासरी दिसत नाही. स्वतः फीड चाळताना आपण कसे वागतो, हे प्रत्येकाला माहीत होतं. त्या अनुभवाशी हा रकाना जुळत नव्हता.

पण आकडा आपल्या बाजूचा असला की त्याची उलटतपासणी कोण करणार? एजन्सीला ग्राहकासमोर चांगला रिपोर्ट ठेवायचा होता, ग्राहकाच्या मार्केटिंग प्रमुखाला वरिष्ठांसमोर, आणि फेसबुकला सगळ्यांसमोर. साखळीतल्या एकाचंही आकडा मोठा असल्याने काही बिघडत नव्हतं. यातून एक सवय मात्र उचलण्यासारखी आहे. रिपोर्टमधला वाईट आकडा आपण तपासतोच. चांगला आकडाही तितक्याच खडूसपणे तपासावा.

शिवाय परीक्षा घेणारा, पेपर तपासणारा आणि निकालावर पैसे मिळवणारा एकच होता. बाहेरच्या कुणाला मूळ नोंदी पाहता येत नव्हत्या. जानेवारी २०१७ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बल या बड्या जाहिरातदार कंपनीचे मुख्य ब्रँड अधिकारी मार्क प्रिचर्ड यांनी जाहिरात उद्योगाच्या एका परिषदेत यावर जाहीर आवाज उठवला. त्रयस्थ तपासणी नसेल तर आमचा पैसा मिळणार नाही, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. पुढच्याच महिन्यात फेसबुकने अमेरिकेतल्या 'मीडिया रेटिंग कौन्सिल' या माध्यमांची मोजणी तपासणाऱ्या संस्थेकडून लेखापरीक्षण करून घ्यायचं मान्य केलं. मोठ्या जाहिरातदाराच्या एका भाषणाने जे हललं, ते हजारो छोट्या जाहिरातदारांच्या तक्रारींनी हललं नसतं, हेही नवशिक्याने लक्षात ठेवावं. ती ताकद आपल्याकडे नाही. आपल्या हातात आहे ते आकडा वाचण्याचं कौशल्य.

न्यायालयात काय झालं

ऑक्टोबर २०१६ मध्ये काही छोट्या जाहिरातदारांनी कॅलिफोर्नियातल्या फेडरल न्यायालयात दावा दाखल केला. फुगलेल्या आकड्यांमुळे आम्ही व्हिडिओ जाहिराती जास्त घेतल्या आणि जास्त पैसे मोजले, असं त्यांचं म्हणणं. दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, फेसबुककडून मिळालेल्या अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे त्यांनी आरोप वाढवले: कंपनीला ही चूक २०१५ पासूनच ठाऊक होती, आणि फुगवटा ६० ते ८० टक्के नव्हता, १५० ते ९०० टक्के होता. फेसबुकने हे नाकारलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये ४ कोटी डॉलरवर तडजोड झाली. कंपनीने गैरकृत्य कबूल केलं नाही.

कंपनीचा २०१९ चा महसूल साधारण ७,०७० कोटी डॉलर होता. भागून पाहा. तडजोडीची रक्कम म्हणजे कंपनीची जेमतेम पाच तासांची कमाई.

टक्केवारीच्या या दोन दाव्यांमधला फरक केवढा आहे, तेही आपल्याला आता स्वतःच काढता येईल, कारण फुगवटा पूर्णपणे एकाच गोष्टीवर ठरत होता: सुरू झालेल्यांपैकी किती जण तीन सेकंद टिकले. फुगवटा ६० टक्के म्हणजे दाखवलेला आकडा खऱ्याच्या १.६ पट, म्हणजे शंभरातले सुमारे ६२ जण टिकले. ८० टक्के म्हणजे सुमारे ५६ जण. १५० टक्के म्हणजे अडीच पट, म्हणजे ४० जण. आणि ९०० टक्के म्हणजे दहा पट: शंभरातले फक्त १० जण तीन सेकंदांपलीकडे गेले. दोन्ही बाजू टक्केवारीवर भांडत होत्या, पण त्या भांडणाच्या पोटात खरा प्रश्न हा होता की फीडमधला माणूस व्हिडिओ पाहायला थांबतो की नाही. निम्म्याहून जास्त थांबतात म्हटलं तर एक व्यवसाय, दहातला एक थांबतो म्हटलं तर अगदी वेगळा. न्यायालयाने यावर निवाडा दिला नाही, कारण प्रकरण तडजोडीत संपलं.

माध्यमसंस्था बुडाल्या त्या यामुळेच का?

या प्रकरणाबरोबर नेहमी सांगितली जाणारी दुसरी कथा अशी: फुगलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवून अमेरिकेतल्या माध्यमसंस्थांनी लेखक काढले, व्हिडिओ करणारे घेतले आणि त्या बुडाल्या. २०१७ च्या उन्हाळ्यात एमटीव्ही न्यूज, फॉक्स स्पोर्ट्सची वेबसाइट, व्हाइस, मिक अशा ठिकाणी व्हिडिओकडे वळण्याच्या नावाखाली लेखक-संपादकांना नारळ मिळाला, हे खरं आहे. मिकने तर नोव्हेंबर २०१८ मध्ये जवळजवळ सगळे कर्मचारी कमी केले आणि कंपनी विकली गेली.

पण तारखा जुळवून पाहा. चूक जाहीर झाली सप्टेंबर २०१६ मध्ये. ही कपात त्यानंतरची आहे. म्हणजे आकडा दुरुस्त झाल्यावरही लाट ओसरली नाही. त्याची कारणंही दिसतात: व्हिडिओ जाहिरातींना मजकुराशेजारच्या जाहिरातींपेक्षा भाव चांगला होता, फेसबुक स्वतः पैसे देत होतं, आणि आठ अब्ज व्ह्यूजचा दबदबा कायम होता. ११ जानेवारी २०१८ रोजी फेसबुकने जाहीर केलं की फीडमध्ये आता मित्र-नातेवाइकांच्या पोस्टना प्राधान्य मिळेल. माध्यमसंस्थांच्या आणि कंपन्यांच्या फेसबुक पानांवरच्या मजकुराची आणि व्हिडिओंची पोहोच त्यामुळे घटणार होती. पूर्णपणे फेसबुकवर विसंबलेल्यांना त्याचा फटका बसला.

म्हणून 'एका चुकीच्या आकड्याने पत्रकारांच्या नोकऱ्या घालवल्या' ही मांडणी मला पटत नाही. ती ऐकायला सोपी आहे, इतकंच. चुकीच्या आकड्याने आधीच असलेल्या समजुतीला दुजोरा दिला. आकडा गेला, समजूत राहिली. प्रकरण अभ्यास वाचताना कारण आणि काळ यांची अशी जुळणी करून पाहावी. मार्केटिंगमधल्या बहुतेक यशोगाथा या एका चाळणीतून गळून पडतात.

त्याच वर्षीची आणखी एक चूक

नोव्हेंबर २०१६ मध्ये फेसबुकने आणखी काही चुका जाहीर केल्या. त्यातली एक नवशिक्यासाठी जास्तच उपयोगाची आहे. फेसबुक पानांच्या इनसाइट्समधल्या, म्हणजे आकडेवारीच्या विभागातल्या, एका डॅशबोर्डवर सात दिवसांची आणि अठ्ठावीस दिवसांची पोहोच दाखवताना रोजच्या पोहोचीची सरळ बेरीज केली जात होती. दुरुस्तीनंतर सात दिवसांचा आकडा सरासरी ३३ टक्क्यांनी आणि अठ्ठावीस दिवसांचा ५५ टक्क्यांनी कमी येईल, असं कंपनीने सांगितलं.

पोहोच म्हणजे माणसं. सोमवारी पोस्ट पाहिलेला माणूस मंगळवारीही पाहतो, पण तो दोन माणसं होत नाही. रोजची पोहोच बेरजेत घातली की तोच माणूस पुन्हा पुन्हा मोजला जातो, आणि कालावधी जितका मोठा तितकी चूक मोठी. म्हणूनच अठ्ठावीस दिवसांचा आकडा जास्त घसरला. इंप्रेशन म्हणजे दिसण्याच्या वेळा, त्यांची बेरीज चालते. हाच घोळ आजही महिन्याच्या रिपोर्टमध्ये सर्रास दिसतो. शिकाऊ माणूस चार आठवड्यांची पोहोच एक्सेलमध्ये बेरीज करून खाली ठळक अक्षरात लिहितो. फेसबुकच्या अभियंत्यांनी जे केलं, तेच.

आपल्या रिपोर्टवर हा अभ्यास कसा लावायचा

पहिल्या महिन्यात मी शिकणाऱ्याला पोस्ट डिझाइन करायला लावण्याआधी एक वही करायला सांगेन. इनसाइट्समधला प्रत्येक आकडा एकेका पानावर, आणि त्याखाली तीनच गोष्टी: अंशात काय आहे, छेदात काय आहे, आणि कोण मोजणीतून वगळलं गेलंय. ज्या आकड्याचं पान भरता येत नाही, तो आकडा रिपोर्टमध्ये घ्यायचा नाही.

सगळ्यात आधी एंगेजमेंट रेटचं, म्हणजे प्रतिसादाच्या टक्केवारीचं पान. एका पोस्टवर लाइक, कॉमेंट, शेअर, सेव्ह मिळून १२० प्रतिसाद आले असं धरा. फॉलोअर ४,०००, पोहोच १,५००, इंप्रेशन २,४००. फॉलोअरनी भागलं तर रेट ३ टक्के, इंप्रेशननी भागलं तर ५, पोहोचीने भागलं तर ८. तिन्ही रीती वापरात आहेत आणि तिन्हींना लोक एकाच नावाने हाक मारतात. कोर्स विकणाऱ्याच्या जाहिरातीत '८ टक्के एंगेजमेंट' दिसलं आणि आपल्या खात्याला ३ टक्के दिसले, की नवशिका खचतो. कदाचित दोघांची कामगिरी अगदी सारखी असेल. इन्फ्लुएन्सरकडून मीडिया किट, म्हणजे स्वतःच्या आकड्यांची माहितीपत्रिका, आली तर पहिला प्रश्न हाच: टक्केवारी कशाने भागून काढलीत?

दुसरं पान क्लिकचं. मेटाच्या (फेसबुक कंपनीचं आताचं नाव) जाहिरात व्यवस्थापकात 'क्लिक्स (ऑल)' आणि 'लिंक क्लिक्स' हे वेगळे रकाने आहेत. पहिल्यात लाइकसाठी, प्रोफाइल उघडायला, उरलेला मजकूर वाचायला केलेले क्लिकही येतात. दुसऱ्यात लिंकवरचे. त्यापुढे 'लँडिंग पेज व्ह्यूज' असतो, म्हणजे क्लिकनंतर पान खरोखर उघडेपर्यंत थांबलेले. तीन रकान्यांत खाली खाली जाताना आकडा आकसतो. लिंक क्लिक आणि लँडिंग पेज व्ह्यू यांत फार तफावत असेल, तर जाहिरात बरी आहे आणि वेबसाइट मंद आहे, असा संशय घ्यायला जागा असते. एवढं निदान करायला कुठलंही महागडं साधन लागत नाही.

तिसरं पान जरा अवघड, विक्रीचं. मेटाच्या जाहिरातींमध्ये सर्वसाधारण मांडणी अशी असते: जाहिरातीवर क्लिक करून सात दिवसांत, किंवा ती नुसती पाहून एका दिवसात खरेदी झाली, तर श्रेय जाहिरातीला. गूगल अ‍ॅनालिटिक्स मात्र तुमच्या साइटवर माणूस कुठून आला ते पाहतं. जाहिरात नुसती पाहून नंतर थेट पत्ता टाकून आलेला माणूस एकीकडे मोजला जाईल, दुसरीकडे नाही. दोन्ही आकडे कधीच जुळणार नाहीत, आणि दोन्हींपैकी कुणी खोटं बोलत असेल असंही नाही. ग्राहकाला हे पहिला रिपोर्ट देण्याआधी समजावून सांगावं. नंतर सांगितलं तर ती सबब वाटते.

आणि एक आकडा प्लॅटफॉर्मबाहेरचा हवाच. ऑर्डर घेताना 'आमच्याबद्दल कुठे कळलं?' एवढा प्रश्न विचारला तरी चालतं. उत्तरं अर्धवट असतात, लोक विसरतात, तरी ती माहिती जागा विकणाऱ्याकडून आलेली नसते.

व्ह्यूची रेषा अजूनही सरकते आहे

२०१६ ची चूक दुरुस्त झाली, पण 'व्ह्यू' म्हणजे काय हे प्रत्येक जण अजून स्वतःपुरतं ठरवतो. यूट्यूबवर वगळता येणाऱ्या जाहिरातीचा व्ह्यू ३० सेकंदांना मोजला जातो, जाहिरात त्याहून छोटी असेल तर पूर्ण पाहिल्यावर. लिंक्डइनवर दोन सेकंद आणि निम्मा व्हिडिओ स्क्रीनवर असणं पुरतं. टिकटॉकवर व्हिडिओ सुरू झाला की मोजणी झाली. या तीन ठिकाणचे व्ह्यूज एकाच तक्त्यात शेजारी शेजारी मांडून 'टिकटॉक आपल्यासाठी सर्वात चांगलं' असा निष्कर्ष काढलेले रिपोर्ट सादर होतच असतात.

इन्स्टाग्रामने ऑगस्ट २०२४ मध्ये रील, फोटो, स्टोरी सगळ्यांसाठी 'व्ह्यूज' हाच मुख्य आकडा करत असल्याचं सांगितलं. यूट्यूबने ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट्सची मोजणी बदलली: आता व्हिडिओ सुरू झाला किंवा पुन्हा चालला की व्ह्यू, किमान वेळेची अट नाही. जुन्या रीतीचा आकडा यूट्यूब स्टुडिओमध्ये (चॅनेलच्या आकडेवारीच्या जागी) 'एंगेज्ड व्ह्यूज' या नावाने वेगळा ठेवला आहे, आणि पार्टनर कार्यक्रमाची (चॅनेलला पैसे देणाऱ्या योजनेची) पात्रता व कमाई त्यावरच ठरते. त्यामुळे एप्रिल २०२५ नंतर एखाद्या चॅनेलचा शॉर्ट्सचा आलेख एकदम वर गेलेला दिसला, तर आशयाचं कौतुक करण्याआधी मार्च आणि एप्रिल या दोन्ही महिन्यांचे एंगेज्ड व्ह्यूज काढून शेजारी ठेवावेत. तेही वाढलेले असतील, तरच नव्या व्हिडिओंच्या पहिल्या तीन सेकंदांत काय केलं होतं हे उलगडून पाहायला बसण्यात अर्थ आहे.